रवळूला हीव भरलं तेव्हा

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी की ज्या गावात ती घडली, त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती जवळ बसून ऐकावी आणि मोठ्यांनी हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवून ऐकावी. कारण ही कामाचीच गोष्ट आहे.

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गाव आणि खाडी यांच्या मधोमध भाताची शेतं होती. जमीन खोलगट, भरतीच्या पाण्यापेक्षाही खाली. अशा जमिनीला खाजण म्हणतात. खारं पाणी आत शिरू नये म्हणून वाडवडिलांनी दगडमातीचा लांबलचक बांध घातला होता. त्या बांधाला एकच तोंड ठेवलं होतं. तोंडाच्या दोन बाजूंना दोन दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक बसवलेल्या जाड लाकडी फळ्या. गावातले लोक या दाराला झडप म्हणत.

ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत टाकायच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी बाहेरच राहायचं. काम एवढंच होतं. पण या एवढ्याशा कामावर अख्ख्या गावाचा भात शिजत होता.

हे काम रवळू करायचा. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. बाप गेला आणि दुसऱ्याच दिवशी रवळूने फळ्या उचलल्या. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी एकही भरती त्याच्या हातून चुकली नव्हती.

त्याची झोपडी बांधावर, झडपेला लागून होती. गाव तिथून दिसायचं ते फक्त झाडांची हिरवी रेघ म्हणून. संध्याकाळी त्या रेघेतून धूर वर चढायचा. कुणाकडे काय शिजत असेल, याचा रवळू अंदाज करत बसायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं. दिवसातून दोनदा पाण्याच्या हाकेला धावणाऱ्या माणसाला, ओसाड बांधावर नांदायला, मुलगी कोण देणार?

रोज सकाळी एक बगळा झडपेपाशी येऊन उभा राहायचा. रवळू त्याच्याशी बोलायचा. “काय रे, आज उशीर केलास?” बगळा उत्तर द्यायचा नाही, पण उडूनही जायचा नाही. रवळूला तेवढं पुरायचं.

गावात त्याचं नाव निघायचं ते भरतीपुरतं. एकदा उधाणाच्या दिवसांत काही कामाने तो गावात गेला होता. एका घरावरून जाताना आतून एका बाईचा आवाज आला. ती आपल्या पोरांना सांगत होती, “झोपा आता निवांत. बांधावर रवळू आहे.”

रवळू अंगणाबाहेर थोडा वेळ उभा राहिला आणि मग आल्या पावली परतला. ते बोलणं त्याने जन्मभर जपलं. एखाद्याने लेकराचं कौतुक जपावं, तसं.

त्या वर्षी भाद्रपदात भात पोटरीला आला होता. कुठे कुठे लोंबी बाहेर पडून दाण्यात दूध भरत होतं. अमावस्या तोंडावर आली होती, म्हणजे उधाणाची भरती. त्यात रात्रभर पाऊस झाला आणि खाजणात गुडघा गुडघा पाणी साचलं.

पहाटे रवळूला जाग आली ती थंडीने. घोंगडी अंगावर होती, तरी दात वाजत होते. त्याने उठायचा प्रयत्न केला. झोपडी गरकन फिरली. तो परत खाली बसला.

“हीव भरलं,” तो थंडीतापाने कुडकुडत स्वतःशीच म्हणाला. दुसरं ऐकायला कुणी नव्हतंच.

बाहेर ओहोटीचं पाणी खाली सरकत होतं. आता फळ्या उचलायला हव्या होत्या. पडून राहावं की उठावं? रवळू गुडघे पोटाशी घेऊन विचार करू लागला.

‘आज राहू दे,’ असं त्याचं अंग म्हणत होतं. ‘फळ्या कालपासून बसलेल्याच आहेत. उचलल्या नाहीस, तर खारं पाणी काही आत येत नाही. शेतातलं पाणी एखादा दिवस तुंबेल, एवढंच.’

‘आणि भात कुजला म्हणजे?’ त्याचं मन म्हणालं. ‘गाव काय म्हणेल? म्हातारा झाला, आळसावला.’

‘मग गावात निरोप पाठव. दुसरा कुणी येईल.’

इथे मात्र रवळूचं मन अडलं. खरं दुखणं तिथेच होतं. तापापेक्षाही ते जुनं होतं. दुसरा कुणी येईल, फळ्या उचलेल, फळ्या टाकेल. पाणी त्याचंही ऐकेल. संध्याकाळी गाव म्हणेल, अरे, हे तर कुणालाही जमतं! मग कुठली बाई पोरांना सांगणार की बांधावर रवळू आहे?

एवढ्यात बाहेरून हाक आली. “रवळूदादा, उठलास का?”

ती आवडू होती. गावातली एक विधवा. ओहोटीला खाडीत उतरून ती तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायची आणि पाणी चढायच्या आत घरी परतायची. तिची जायची वाट झोपडीवरूनच होती. इतर बायका तशाच पुढे निघून जात. आवडू हाक मारून जायची.

रवळू घोंगडी टाकून दारात आला. चौकट घट्ट धरून उभा राहिला.

“उठलोय,” तो म्हणाला.

आवडूने डोक्यावरची टोपली सावरली आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. “आवाज असा का रे झालाय? डोळे पण लाल दिसतायत.”

“झोप नाही झाली. पाऊस होता ना.”

“ताप तर नाही ना?”

“ताप कसला? धडधाकट आहे मी.”

आवडू तरी हलली नाही. “हे बघ, आमचा धाकू घरीच आहे. माझा दीर. हाडाने दणकट आहे, समजूतदार आहे. मी परत फिरते आणि त्याला पाठवते. तू आजच्या दिवस पडून राहा.”

बोलणं मायेचं होतं. पण ते नेमकं दुखऱ्या जागी लागलं. रवळू एकदम तडकला.

“झडप म्हणजे काय तुझ्या चुलीवरचं झाकण वाटलं? कुणीही यावं, उचलावं नि ठेवावं? माझ्या बापाने हात सोलून काढले या फळ्यांवर. मी मेलो म्हणजे पाठव तुझ्या धाकूला!”

आवडूचा चेहरा उतरला. “बरं बाबा,” एवढंच बोलून ती खाडीच्या वाटेला लागली.

ती दूर जाईपर्यंत रवळू ताठ उभा राहिला. मग भिंत धरून हळूहळू खाली बसला. आपण उगाच बोललो, असं त्याला वाटलं. पण हाक मारून तिला परत बोलवायला तोंड उघडेना.

मग तो उठला. आता तर उठायलाच हवं होतं. इतकं बोलून झाल्यावर पडून कसं राहणार?

रोज ज्या फळ्या तो हसत खेळत उचलायचा, त्या आज डोंगराएवढ्या जड झाल्या होत्या. एक फळी वर आली की तो खांबाला टेकून धापा टाकायचा. कशाबशा सगळ्या फळ्या निघाल्या. शेतातलं गढूळ पाणी खळाळत खाडीकडे धावलं. ते धावतं पाणी पाहून त्याला बरं वाटलं. जमलं की! कोण म्हणतं रवळू आजारी आहे?

आता भरती वळेपर्यंत नुसतं बसायचं होतं. थंडी ओसरली होती आणि अंग भट्टीसारखं तापलं होतं. तो झडपेच्या तोंडाशी, आतल्या बाजूला रचलेल्या फळ्यांच्या राशीला पाठ लावून बसला. ‘डोळे मिटायचे नाहीत,’ असं त्याने स्वतःला बजावलं. पण बजावणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. जागं ठेवायला शेजारी कुणी नव्हतं. बगळा होता, पण बगळ्याला काय पडलं होतं?

रवळूचे डोळे मिटले. तापात त्याला आई दिसली. ती त्याच्या पायांवर गार पाणी ओतत होती. किती बरं वाटत होतं! “अजून ओत,” तो म्हणाला. आई ओतत राहिली. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं.

तो दचकून जागा झाला.

पाणी खरंच होतं. खाडी वळली होती. झडपेच्या उघड्या तोंडातून खारं पाणी फेसाळत आत घुसत होतं आणि त्याच्याबरोबर राशीतल्या वरच्या फळ्या तरंगत शेतात चालल्या होत्या.

रवळूने एक फळी पकडली आणि खाचेत घालायला धावला. पण फळ्या बसतात त्या थांबलेल्या पाण्यात. धावत्या पाण्यात बसत नाहीत. लोंढ्याने फळी फिरवली आणि त्याच्या छातीवर आपटली. त्याने दुसरी पकडली. तीही गेली. तिसरी त्याने आडवी धरली आणि स्वतःच तिच्यामागे पाठ लावून तोंडात उभा राहिला, जणू आपलं अंगच तो फळी म्हणून बसवणार होता.

“धावा!” तो ओरडला. “कुणी आहे का? धावा!”

बांध ओसाड होता. गाव म्हणजे लांबवर एक हिरवी रेघ. त्याचा आवाज शेतावरून थोडा पुढे गेला आणि पाण्याच्या आवाजात बुडाला. इतकी वर्षं आपण एकटे आहोत हे त्याला ठाऊक होतं. पण एकटं असणं म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी कळलं.

पाणी चढू लागलं तशी आवडू परत निघाली होती. तिने दुरून पाहिलं ते एवढंच: उघडी झडप, आत घुसणारा लोंढा आणि त्यात छातीपर्यंत बुडालेला रवळू. तिने टोपली तिथेच टाकली आणि पदर खोचून गावाकडे धाव घेतली.

गाव धावून आलं. धाकू सगळ्यांच्या पुढे होता. कुणी दाराची फळी काढून आणली, कुणी खाट आणली, कुणी पेंढ्याचे भारे. धाकूने आधी रवळूला काखेत हात घालून बाहेर ओढलं. रवळू फळी सोडायला तयार नव्हता. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पण उधाणाची भरती होती. पेंढा वाहून गेला, खाट मोडली. अखेर भरती ओसरू लागली, तेव्हाच ते तोंड बुजलं. तोवर खालच्या अंगाची सगळी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली होती. दुधात आलेला भात तसाच उभा होता. पण तो आता मेलेला भात होता. दोन दिवसांत तो पिवळा पडला आणि मग काळवंडला. त्यात आवडूचं शेतही होतं.

रवळूला आवडूच्या पडवीत आणून निजवलं होतं. बऱ्याच दिवसांनी ताप उतरला, तेव्हा त्याने डोळे उघडले. समोर गावचे प्रमुख, म्हातारे गावकर, बसले होते. अंगणात माणसं उभी होती. काहींचे चेहरे रागाचे होते, काहींचे नुसतेच थकलेले.

“मला हाकलून द्या,” रवळू म्हणाला.

“ते पुढे बघू,” गावकर म्हणाले. “आधी मला एक सांग. अंगात ताप होता ना तुझ्या?”

“होता.”

“मग फळ्या उचलल्यासच कशाला? एक दिवस पाणी तुंबलं असतं तर भात जरा वाकला असता. मेला नसता. हे तुला कळत नव्हतं?”

रवळूने मान खाली घातली. “कळत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस कुणाला?”

रवळू भिंतीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “धाकूने फळ्या टाकल्या असत्या, तर त्यालाही जमल्या असत्या. मग मला कोण विचारणार होतं?”

अंगणातल्या रागावलेल्यांनीही नजर खाली वळवली. कारण त्यांना आठवू लागलं की बांधावरच्या या माणसाला भरतीखेरीज आपण कधी काही विचारलंच नव्हतं. त्याच्या झोपडीत काय शिजतं, सणाला तो काय करतो, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आवडू दाराशी पेजेचं भांडं घेऊन उभी होती. ती पुढे आली.

“मी विचारलं होतं, रवळूदादा,” ती म्हणाली. “त्याच दिवशी, सकाळी विचारलं होतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता, तर रवळूला सोपं गेलं असतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा तो रडला.

गावाने त्याला हाकललं नाही. पण गावकरांनी ठरवून टाकलं की यापुढे झडपेचं काम रवळूबरोबर धाकूही शिकेल. रवळूने मान डोलावली. त्याने धाकूला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. पण दर दिवशी आपल्या अंगातून काहीतरी काढून दुसऱ्याला देतोय, असं त्याला वाटायचं. धाकू काम शिकून घरी परतायचा, आणि रवळू पुन्हा बांधावर एकटा उरायचा.

हीव मोठं चिवट असतं. ते एकदा अंगात शिरलं की सहजी सोडत नाही. पुढच्या वर्षी, पुन्हा पावसाळ्याच्या दिवसांत, रवळू एका सकाळी कुडकुडत जागा झाला. पुन्हा झोपडी फिरली. पुन्हा बाहेर पाणी खाली सरकत होतं.

त्या सकाळीही त्याचे पाय आपोआप फळ्यांकडेच निघाले. सवय होती, आणि सवयीहून जास्त काहीतरी होतं. तो दारापर्यंत आला आणि थांबला. मग चौकटीला टेकून वाटेकडे बघत बसून राहिला.

आवडू आली. तिने काही विचारायच्या आतच तो बोलला. शब्द ओढून काढावे लागले. फळ्यासुद्धा कधी इतक्या जड लागल्या नव्हत्या.

“आवडू, आज मला बरं नाही. धाकूला पाठवतेस?”

आवडूने मान डोलावली आणि ती तशीच मागे फिरली.

रवळू घोंगडीत शिरला. काही वेळाने बाहेर पावलं वाजली. मग फळ्या वर निघाल्याचा आवाज आला आणि शेतातलं पाणी खळाळलं. तो पडल्या पडल्या ऐकत होता. जन्मभर त्याने हा आवाज काढला होता. बाप गेल्यापासून दुसऱ्याच्या हातचा, असा आतून कधी ऐकला नव्हता. भरती वळायच्या आधी फळ्या पुन्हा एकेक करून खाली बसल्या. धप्प. धप्प. शेवटची फळी किंचित वाकडी बसली. रवळूच्या कानाला ते कळलं. धाकूलाही कळलं असावं, कारण ती पुन्हा उचलल्याचा आवाज आला आणि मग नीट बसली.

खाडी आली, झडपेला धडकली आणि परत गेली. फळ्या कुणी टाकल्या, याच्याशी तिला काहीच देणंघेणं नव्हतं.

रवळूच्या डोळ्यांतून पाणी आलं. आपल्यावाचून जग अडत नाही, हे ऐकून माहीत असणं वेगळं आणि आजारी अंगाने एकट्याने पडून ते कानांनी ऐकणं वेगळं. दुपार फार लांबली. कुणी आलं नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून जमिनीवर उतरली. रडता रडता त्याला झोप लागली. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी, भरतीची धास्ती न बाळगता लागलेली ती त्याची पहिली झोप.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. उंबऱ्यावर आवडू बसली होती. तिच्यासमोर झाकलेलं पेजेचं भांडं होतं आणि पलीकडे धाकू पाय पसरून बसला होता.

“उठलास?” आवडू म्हणाली. “पेज गरम आहे. बरोबर थोडं लोणचं आणलंय. तोंडाला चव असेल तर खा.”

रवळू उठून बसला. ती दोघं पाण्याबद्दल काहीतरी बोलतील, म्हणून तो वाट पाहत होता. त्यांनी पाण्याबद्दल एक शब्दही काढला नाही. धाकूने आपल्या धाकट्या पोरीची खोडी सांगितली. आवडूने रात्री ताप चढला तर पांघरायला आणखी एक घोंगडी आणली होती. काळोख पडेपर्यंत ती दोघं बसली आणि मग बांधावरून घराकडे गेली.

ती गेल्यावर झोपडी पुन्हा रिकामी झाली. पण ते रिकामपण रवळूला ओळखीचं नव्हतं. ते रोजच्यापेक्षा थोडं कमी रिकामं होतं.

खालची शेतं मात्र लगेच पिकली नाहीत. मीठ जमिनीत खोल मुरलं होतं. ते धुऊन निघायला कितीतरी पावसाळे गेले आणि तोवर गावाला वरच्या शेतांच्या भातावरच भागवावं लागलं. त्या पांढऱ्या पडलेल्या जमिनीकडे रवळू रोज सकाळी पाहायचा. पुढे त्याला पुष्कळदा हीव भरलं. पण बरं नसताना फळीला हात लावायचा नाही, हे त्याने आयुष्यभर पाळलं, आणि उधाणाचं पाणी पुन्हा कधी बांधाच्या आत आलं नाही.

तात्पर्य: आपलं आजारपण लपवून जो कामावर जातो, तो कामाची नव्हे तर स्वतःच्या मानाची राखण करतो, आणि शेवटी दोन्ही गमावतो.